चवथीच्या गडबडीत मेंदूला मार लागलेल्या माणसाला जपताना

मेंदूला मार लागून घरी आलेल्या माणसाला चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, सर्वांत जास्त त्रास होतो तो एकाच वेळी कानावर आदळणाऱ्या आवाजांचा. आरतीला घुमट, शामेळ, कासाळे ही वाद्ये, त्यात बाहेर फटाके. नको तो आवाज बाजूला सारायचे काम मेंदू पूर्वी आपसूक करायचा, आता त्यात त्याची सगळी शक्ती जाते. मग तो थकवा रागाच्या रूपात बाहेर पडतो आणि घरच्यांना वाटते, माणसाचा स्वभावच बदलला.

आरतीपासून लांबची एक खोली आधीच मोकळी ठेवा. पडदे ओढलेले, ट्यूबलाइट बंद, उशाशी पाणी. आरतीला बसायची त्याची इच्छा असेल तर दाराजवळ, १०-१५ मिनिटेच. तो कपाळ चोळू लागला, त्याला शब्द सापडेनासे झाले की तेव्हाच उठवा, भडका उडायची वाट बघू नका. सगळ्यांदेखत "थकलास का रे?" असे विचारल्याने तो दुखावतो. त्यापेक्षा आधी ठरवलेली खूण करा, खांद्यावर हात ठेवला तरी पुरे.

फिटची गोळी चालू असेल तर उपासालाही ती ठरल्या वेळीच द्या. चुकलेला डोस, जागरण आणि दारू, तिन्हींनी फिट येऊ शकते. आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा.

त्याला सांभाळणारीला दुपारी दोन तास झोप मिळालीच पाहिजे. तेवढा वेळ घरचेच कोणीतरी त्याच्यापाशी बसावे. नेवऱ्या (करंज्या) यंदा जाऊबाई तळतील.