शिंगाळा, शिवडा गळाला का लागत नाही? रात्री तळाला गळ टाकताना या चुका टाळा

उजनीच्या फुगवट्यावर किंवा कृष्णेच्या डोहाकाठी रात्री गळ टाकून बसणाऱ्या अनेकांची तक्रार सारखीच असते: आमिष ताजे आहे, जागा नेहमीची आहे, तरीही शिंगाळा किंवा शिवडा हे तळाशी वावरणारे मिशीवाले मासे फिरकत नाहीत. बहुतेक वेळा चूक मांडणीत असते. माणूस डोळ्यांवर विसंबतो, म्हणून मासाही आमिष पाहील असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अंधारात आणि गढूळ पाण्यात तळाशी कोळंबी, खेकडा किंवा लहान मासा धरणारा हा शिकारी लांबून वासाच्या मागावर येतो, जवळ आल्यावर चव आणि पाण्याची हालचाल यांवरून दिशा ठरवतो आणि अखेरच्या काही सेंटिमीटरांत मिशांचा स्पर्श व विद्युतसंवेदना वापरतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर माग तुटला, तर आमिष कितीही चांगले असले तरी उपयोग होत नाही.

मरळीची युक्ती शिंगाळ्यावर चालवणे ही यातूनच होणारी चूक आहे. मरळ उथळ पाण्यात, वनस्पतींच्या आडोशाला दबा धरते आणि तिच्या शिकारीत नजरेला मोठे स्थान आहे, त्यामुळे चकाकणारे, हलते आमिष तिला चालते. तेच आमिष काळोख्या डोहाच्या तळाशी सोडले, तर त्याची चमक वाया जाते.

प्रवाहाचा विचार न करता गळ टाकणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आमिषातून सुटणारी अमिनो आम्ले, म्हणजे माशाला वास देणारी द्रव्ये, प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात आणि मासा त्या पट्ट्यात शिरल्यावर प्रवाहाच्या विरुद्ध वर सरकत येतो. म्हणून ज्या कपारीत किंवा डोहात मासा असण्याची शक्यता आहे, तिच्या वरच्या अंगाला आमिष ठेवावे. धरणाच्या पाण्यात हे गणित बदलते, कारण वारा वरचे पाणी ज्या काठाकडे ढकलतो, त्या काठाकडून खालचे पाणी बऱ्याचदा उलट दिशेने परतते. तळाशी असलेल्या आमिषाचा वास त्यामुळे पृष्ठभागावरच्या लाटांच्या दिशेने जाईलच असे नाही. बराच वेळ पाण्यात राहिलेले गांडूळ पांढरे व निःसत्त्व होते, ते बदलावे.

मऊ गाळात गळ बुडवणारे जड शिसे सोडले, तर ते स्वतः रुततेच, पण जवळ बांधलेले आमिषही सोबत नेते, आणि गाळाखाली गेलेल्या आमिषाचा ना वास पसरतो ना हालचाल जाणवते. शिसे आणि गळ यांमधले तंगूस (गळाची दोरी) थोडे लांब ठेवावे व आमिषाजवळ बुचाचा लहान तुकडा अडकवावा, म्हणजे आमिष गाळावर उचललेले राहते.

हालचालीची जाणीव माशाला अंगाच्या दोन्ही बाजूंच्या पार्श्वरेषेतून होते. युरोपातील वेल्स या मोठ्या मिशीवाल्या माशावर 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा मासा पूर्ण अंधारात गप्पी माशांच्या पोहण्याने पाण्यात उरलेल्या भोवऱ्यांचा, सुमारे दहा सेकंदांपर्यंत जुन्या मार्गाचाही, माग काढताना दिसला. पुढे पार्श्वरेषा निकामी केल्यावर त्याची शिकार खूप घटली, मात्र त्वचेवरील चवीची जाणीव बंद केल्यावर तशी घट झाली नाही. म्हणजे पळत्या भक्ष्यासाठी पार्श्वरेषा मुख्य ठरते, तर निश्चल आमिषासाठी वास आणि चव. आमिष ओढायचे असेल, तर ते तळालगत संथपणे ओढावे. सतत झटके देऊन माग विस्कटू नये.

घाईचा हिसका हेही रिकाम्या गळाचे मोठे कारण आहे. अमेरिकेतील बुलहेड या मिशीवाल्या माशांवरील संशोधनातून असे दिसले, की मिशा व त्वचेवरील चव मेंदूच्या एका भागात जाऊन शोध घेण्याचे व तोंडात घेण्याचे काम चालवते, तर तोंडाच्या आतील चव दुसऱ्या भागात जाऊन गिळायचे की थुंकायचे हे ठरवते. आमिष तोंडात गेले म्हणजे मासा लागला असे म्हणूनच नाही. काठीचे टोक नुसते थरथरत असेल, तर लहान मासे वा खेकडे आमिष कुरतडत असतील किंवा मोठा मासा ते चाचपत असेल. तंगूस एका दिशेने सरळ ओढले जाऊ लागेपर्यंत थांबावे आणि तोवर ते सैल ठेवावे, कारण ताण जाणवला की मासा आमिष सोडून देतो.

आमिषाशेजारी धातूचे मोठे तुकडे, साखळ्या व फिरक्या लावणेही मी टाळतो. मिशीवाल्या माशांच्या त्वचेत अतिशय क्षीण विद्युतक्षेत्र ओळखणारी इंद्रिये असतात. डोळे झाकलेला बुलहेड काचेच्या कांडीकडे दुर्लक्ष करतो, पण धातूची कांडी काही सेंटिमीटरांवर येताच प्रतिसाद देतो, हे 1917 मध्येच नोंदवले गेले होते. गळाचे टोक मोकळे राहावे, पण बाकीचे धातू आमिषापासून दूर असावेत.

काठावर कुजबुजत बोलण्याची गरज नसते, कारण हवेतला बहुतेक आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरतो. होडीच्या तळावर आपटलेला डबा किंवा खडकावर आदळलेले पाऊल मात्र पाण्यात थेट पोहोचते, आणि या माशांचे श्रवण तीक्ष्ण असते.

शिवडा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत असुरक्षित गटात आहे, त्यामुळे लहान मासा सोडून द्यावा. त्याला कोरड्या फडक्यात धरू नये. त्वचेवरील बुळबुळीत थर निघाला, तर त्याखालच्या चवीच्या कळ्यांनाही इजा होऊ शकते. हात ओले करून, मिशा न ओढता आणि शिंगाळा असल्यास त्याच्या दातेरी काट्यांपासून बोटे सांभाळून, मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा.