वस्तीतल्या मुलीला नोकरीपर्यंत न्यायचंय? कोर्सच्या आधी हे बघा

एखाद्या मुलीला कामाला लावायचं म्हटलं की आपण लगेच कोर्सवर येतो, शिवणकाम का पार्लर. माझं म्हणणं कोर्स नंतर, आधी तिच्याशी निवांत बसून बोला. घरातून किती वाजता निघता येतं, लहान भावंडांना कोण बघतं, घरी लग्नाचं बोलणं चाललंय का. क्लास अवघड गेला म्हणून सोडणाऱ्या मुली कमी असतात, पाण्याची वेळ आणि क्लासची वेळ एकच आली की मात्र क्लास सुटतोच.

मग कागदपत्रं. शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासबुक समोर ठेवा आणि नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख सगळीकडे जुळते का ते तपासा. लग्न झालेल्यांचं हमखास अडतं, एकीकडे माहेरचं नाव एकीकडे सासरचं, आणि हे पीएफच्या वेळी निघालं की धावपळ होते. खातं तिच्या एकटीच्या नावावर पाहिजे, जनधनचं झिरो बॅलन्सवर उघडतं. आधारला लिंक असलेला मोबाईल नंबरपण तिचाच असू दे, भावाचा नको, नाहीतर प्रत्येक ओटीपीसाठी तो घरी यायची वाट बघा. दहावी राहिली असेल तर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, पण मुदत पटकन निघून जाते म्हणून जुन्या शाळेत वेळेत चौकशी करा.

आता कोर्स. आधी जवळपासच्या हॉस्पिटलात, दुकानांत, कंपन्यांत जाऊन विचारा की तुम्हाला माणसं कसली लागतात, पगार किती, शिफ्ट कुठली, आणि त्यावरून ठरवा. कमी शिकलेल्या मुलींसाठी जन शिक्षण संस्थान (कामाचं कौशल्य शिकवणारी सरकारी योजनेतली केंद्रं) चांगलं, वय 15 ते 45. आयटीआयमधे 30 टक्के जागा मुलींना राखीव आहेत, तरी घरचे शिवणकामाच्या पुढे जाऊ देत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, इलेक्ट्रिशियन किंवा फिटरचं वर्कशॉप एकदा तिला आणि तिच्या आईला आतून दाखवून आणा ना, बघितल्यावर बोलणं बदलतं.

कॉन्फिडन्सवर लेक्चर देऊ नका प्लीज. बँकेची स्लिप तिलाच भरू द्या, चौकशीचा फोन तिलाच लावू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा, अडखळली तरी फोन हातातून घेऊ नका. मुलाखतीची प्रॅक्टिस पहिल्यांदा मराठीतच घ्या. "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की बहुतेकजणी गप्प होतात, तेव्हा विचारा की घरचा महिन्याचा खर्च कोण बघतं, आजीला दवाखान्यात कोण नेतं, बचत गटाची वही कोण लिहितं, आणि तीच उत्तरं मुलाखतीत कशी सांगायची ते शिकवा. इंग्रजीची भीती असेल तर त्या कामात रोज लागतात तेवढीच वाक्यं पाठ करून घ्या, व्याकरण नंतर.

घरच्यांना टाळून काही होत नाही. वडिलांना, सासूबाईंना कामाची जागा दाखवा, सुटायची वेळ आणि बस कुठली ते सांगा, तिथल्या मॅडमशी बोलणं करून द्या. पहिला पगार होईपर्यंत बसभाडं कुठून येणार हेही आधीच ठरवून ठेवा, कारण नोकरी लागूनही यावरून सुटते.

आणि जॉइन झाली म्हणजे तुमचं काम संपलं असं नाही, पहिले तीन महिने तरी दर आठवड्याला फोन करा. पगाराची स्लिप मागून घ्यायला सांगा, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापतात का ते तिच्याबरोबर वाचा. 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे 2013 च्या कायद्याने लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, हे तिला पहिल्या दिवसाच्या आधी माहीत पाहिजे, सोबत महिला हेल्पलाइन 181 फोनमधे सेव्ह करून द्या. आणि नोकरी सोडायची वेळ आलीच तर रागावू नका, निघताना अनुभवाचं पत्र मात्र मागून घ्यायला लावा, दुसरीकडे त्याच्यावर जास्त पगार मागता येतो.