कनेक्टिंग फ्लाइट चुकली? विमान कंपनीकडून भरपाई अशी मागा

पहिले विमान ५० मिनिटे उशिरा उतरले, पुढचे निघून गेले आणि मुक्कामी पोहोचायला सात तास उशीर झाला. अशा वेळी काउंटरवर सांगितले जाते, "उशीर तर फक्त ५० मिनिटांचा होता, त्याला भरपाई नसते." युरोपियन युनियनचा कायदा लागू असेल तर हे उत्तर चुकीचे आहे. तिथे हिशेब होतो तो तिकिटावरच्या शेवटच्या विमानतळावर किती उशिरा पोहोचलात याचा. ब्रेमेनहून पॅरिस आणि साओ पावलोमार्गे असुन्सिऑनला निघालेल्या प्रवाशाचे पहिले विमान सुमारे अडीच तास उशिरा सुटले, पुढची जोडणी तुटली आणि ती व्यक्ती ११ तास उशिरा पोहोचली. या फोल्कर्ट्स खटल्यात युरोपीय न्यायालयाने २०१३ साली हा मुद्दा निकाली काढला. शेवटच्या ठिकाणी तीन तास किंवा जास्त उशीर झाला, तर भरपाईचा हक्क तयार होतो.

आधी बुकिंग तपासा

सगळा दावा या एका गोष्टीवर उभा राहतो किंवा कोसळतो. दोन्ही विमाने एकाच बुकिंगमध्ये हवीत. कन्फर्मेशनच्या ईमेलमध्ये सहा अक्षरी पीएनआर एकच आहे का आणि पूर्ण प्रवासाचे भाडे एकत्र घेतले आहे का, ते पाहा. कंपन्या वेगळ्या असल्या तरी चालते, बुकिंग एक असले पाहिजे. उलट, एकाच कंपनीची दोन तिकिटे वेगवेगळी विकत घेतली असतील, तर कायद्याच्या नजरेत ते दोन स्वतंत्र प्रवास ठरतात आणि दुसरे विमान चुकल्याची जबाबदारी सहसा कुणावरच येत नाही.

ट्रॅव्हल एजन्सीने वेगवेगळ्या कंपन्यांची विमाने जोडून एकाच तिकिटावर, एकच किंमत घेऊन विकली असतील, तर तेही एकच बुकिंग मानले जाते. २०२२ सालचा तसा निकाल आहे. मात्र काही वेबसाइट 'सेल्फ ट्रान्सफर' म्हणून जोडणी विकतात, त्यापासून सावध राहा. तिथे मधल्या विमानतळावर सामान स्वतः उचलून पुन्हा चेक-इन करावे लागते आणि विमान चुकल्यास विमान कंपनी नव्हे, तर फार तर ती वेबसाइट तिच्या अटींनुसार मदत करते.

कोणता कायदा लागू होतो

युरोपियन युनियनचा नियम २६१/२००४ युनियनसह आइसलँड, नॉर्वे आणि स्वित्झर्लंडमध्ये चालतो. तिथून निघणारा प्रवास कोणत्याही कंपनीचा असला तरी त्यात बसतो. बाहेरून तिथे येणारा प्रवास मात्र युरोपीय कंपनी चालवत असेल तरच. म्हणजे आखाती कंपनीने दोहामार्गे पॅरिसला येताना जोडणी चुकली तर हा नियम नाही, पण त्याच कंपनीने पॅरिसहून परतताना दोहात चुकली तर आहे. दुसरा टप्पा पूर्णपणे युरोपबाहेर असला तरी फरक पडत नाही. प्रागहून अबुधाबीमार्गे बँकॉकला जाणाऱ्या प्रवाशांचे दुसरे विमान बिगरयुरोपीय कंपनीचे होते आणि उशीर त्याच टप्प्यात झाला, तरी पहिला टप्पा चालवणाऱ्या चेक प्रजासत्ताकातल्या कंपनीला २०१९ मध्ये जबाबदार धरण्यात आले.

ब्रिटनचा कायदा याच धर्तीवर आहे, रकमा पौंडात आहेत. कॅनडात शेवटच्या ठिकाणी झालेल्या उशिरानुसार मोठ्या कंपन्यांना ३ ते ६ तासांसाठी ४००, ६ ते ९ तासांसाठी ७०० आणि त्यापुढे १,००० कॅनेडियन डॉलर द्यावे लागतात, पण कारण कंपनीच्या हातातले आणि सुरक्षिततेशी संबंध नसलेले असेल तरच. तिथे दावा एका वर्षात करावा लागतो. भारतात डीजीसीए या हवाई वाहतूक नियामकाच्या नियमांत नुसत्या उशिराला रोख भरपाई नाही. कंपनीने विमान रद्द केल्यामुळे त्याच तिकीट क्रमांकावरची पुढची फ्लाइट चुकली, तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, अथवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते मिळते.

विमानतळावर असतानाच

घाईत स्वतःच्या पैशाने नवे तिकीट काढू नका. आधी ट्रान्सफर काउंटरवर जा, रांग लांब असेल तर रांगेत उभे राहूनच कंपनीच्या ॲपवर किंवा फोनवर नवी फ्लाइट मागा. मुक्कामापर्यंत पोहोचवणे हे कंपनीचे काम आहे आणि तिला ती संधी न देता काढलेल्या तिकिटाचे पैसे परत मिळवणे फार अवघड जाते. नवी फ्लाइट मिळाली की परतीचे तिकीट अजून कन्फर्म दिसते का, तेही विचारा. एखादा टप्पा 'नो-शो' (प्रवासी आलाच नाही) म्हणून नोंदला गेला तर पुढचे सगळे टप्पे, परतीसह, आपोआप रद्द होऊ शकतात. असे झालेले बहुतेकांना थेट परतीच्या दिवशी कळते.

जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल, तिथे ये-जा, हे सगळे मागा. व्हाउचर दिले नाही तर माफक खर्च करा आणि प्रत्येक पावती ठेवा. ही रक्कम भरपाईपेक्षा वेगळी असते.

मग पुरावे. दोन्ही जुने आणि नवा बोर्डिंग पास, सामानाचा टॅग, उशिराचा मेसेज आणि माहितीफलकाचा फोटो जपा. उशिराचे कारण काउंटरवर लेखी मागा. लेखी देत नसतील तर कारण, वेळ आणि काउंटर फोनमध्ये टिपून ठेवा. शेवटच्या विमानतळावर विमान टेकले ती वेळ धरत नाहीत. दार उघडते ती वेळ धरतात, असा २०१४ चा निकाल आहे. उशीर तीन तासांच्या आसपास असेल तर दार उघडताच घड्याळाकडे बघा. दोन तास ५५ मिनिटे आणि तीन तास पाच मिनिटे यांत शेकडो युरोंचा फरक असतो.

बोर्डिंग पास हरवला तरी दावा बुडत नाही. कन्फर्म बुकिंग असलेल्या प्रवाशाला केवळ पास नाही म्हणून भरपाई नाकारता येत नाही.

रक्कम किती

अंतर पहिल्या विमानतळापासून शेवटच्यापर्यंत सरळ रेषेत मोजतात, मधले वळसे धरत नाहीत. रोमहून ब्रुसेल्समार्गे हॅम्बुर्गला जाताना प्रत्यक्ष उड्डाण १,६५६ किलोमीटरचे होते, पण सरळ अंतर १,३२६ म्हणून प्रवाशाला लहान रक्कम मिळाली.

– १,५०० किमीपर्यंत: २५० युरो
– १,५०० ते ३,५०० किमी, तसेच युनियनच्या आतले याहून लांबचे प्रवास: ४०० युरो
– युनियनबाहेर ३,५०० किमीहून जास्त: ६०० युरो; उशीर ३ ते ४ तासांचा असल्यास ३०० पर्यंत कमी करता येते

ब्रिटनमध्ये हेच आकडे २२०, ३५० आणि ५२० पौंड आहेत. तिकिटाच्या किमतीशी यांचा संबंध नाही. सवलतीत घेतलेल्या तिकिटालाही पूर्ण रक्कम मिळते आणि ती प्रत्येक प्रवाशामागे असते.

अर्ज

अर्ज प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीकडे करा. तिकीट एका कंपनीचे आणि विमान दुसऱ्या कंपनीचे, असे कोडशेअरमध्ये नेहमी होते. कंपनीच्या साइटवरचा फॉर्म भरा आणि भरलेल्या फॉर्मचे स्क्रीनशॉट ठेवा. मजकूर छोटा असू द्या: पीएनआर, प्रवाशांची नावे, दोन्ही फ्लाइटचे क्रमांक व तारीख, पोहोचण्याची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, सरळ अंतर, नियमाचे नाव, मागितलेली रक्कम आणि बँक खाते. मनस्तापाचे लांब वर्णन घालू नका, त्यात आकडे हरवतात. पावत्यांचा खर्च वेगळ्या ओळीत मागा. उत्तरासाठी १४ किंवा ३० दिवसांची मुदत लिहा.

बदल्यात प्रवासाचे व्हाउचर देऊ केले तर नाकारायचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे. युरोपीय नियमात तुमच्या लेखी संमतीशिवाय रोख, चेक किंवा बँक ट्रान्सफर याऐवजी व्हाउचर देता येत नाही.

नकार आला तर

बहुतेक नकारांत 'असाधारण परिस्थिती' हे शब्द असतात. खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रणाचे निर्बंध, पक्ष्याची धडक ही कारणे त्यात बसतात. विमानातला नेहमीचा तांत्रिक बिघाड बसत नाही, आणि कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांनी पगारासाठी केलेला संपही बसत नाही. शिवाय परिस्थिती तशी होती हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर असतो. म्हणून उत्तरात नेमके विचारा: कोणत्या फ्लाइटला, कोणत्या वेळी, काय अडचण आली आणि ती टाळायला काय केले? नुसते 'ऑपरेशनल कारण' हे उत्तर पुरेसे नाही. दुसरा नेहमीचा नकार 'तुम्ही गेटवर उशिरा आलात' असा असतो. पहिले विमान वेळेवर उतरले आणि प्रवासी दुकानांत रेंगाळला असेल तर तो योग्यच आहे. पण पहिले विमानच उशिरा उतरले असेल, तर त्याची प्रत्यक्ष वेळ आणि गेट बंद होण्याची वेळ शेजारी शेजारी लिहून पाठवा.

तरीही काही हलले नाही, तर त्या देशातल्या हवाई प्रवासी हक्कांच्या यंत्रणेकडे तक्रार करा. शेवटचा मार्ग लघुवाद न्यायालयाचा. दावा कंपन्या हे सगळे तुमच्यासाठी करतात, पण यशस्वी झाल्यावर मोठा हिस्सा कापून घेतात, आणि कोर्टात गेल्यास कपात वाढते. सरळसोट प्रकरणात आधी स्वतः अर्ज करा.

मुदती देशागणिक बदलतात: इंग्लंडमध्ये सहा वर्षे, फ्रान्समध्ये पाच, जर्मनीत ज्या वर्षी प्रवास झाला ते वर्ष संपल्यापासून तीन वर्षे. ठरीव भरपाईखेरीज प्रत्यक्ष झालेले नुकसान, उदाहरणार्थ वाया गेलेले हॉटेलचे पैसे, १९९९ च्या माँट्रियल करारानुसार मागायचे असेल तर दावा दोन वर्षांत कोर्टात दाखल व्हावा लागतो. सामान उशिरा आले असेल तर लेखी तक्रारीसाठी ते हाती आल्यापासून फक्त २१ दिवस असतात, तेव्हा तो अर्ज सर्वांत आधी पाठवा.