वज्र आणि घंटा : निवडायची कशी, धरायची कशी

दीक्षा झाली आणि गुरूंनी परवानगी दिली की मगच या खरेदीला निघा. मी तिबेटी बौद्ध परंपरेत साधना करते, म्हणून तिथलंच सांगते. वज्र म्हणजे इथे मुठीत मावणारं, दोन्ही टोकांना शूल म्हणजे टोकदार दांडे असलेलं धातूचं विधीचं साधन. तिथे वज्राला दोर्जे म्हणतात आणि घंटेला द्रिलबू.

नेहमी जोडीच घ्यायची. वज्र म्हणजे उपाय, करुणा. घंटा म्हणजे प्रज्ञा, शून्यतेचं ज्ञान. एकावाचून दुसरं अपुरं, म्हणून जोडी फोडत नाहीत. वज्र पाच शूलांचं असेल तर घंटेच्या मुठीवरचं अर्धं वज्रही पाचाचंच हवं. नऊचं असेल तर नऊ.

नेपाळमधल्या पाटणचे शाक्य कारागीर मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा साचा चढवतात. ओतून झालं की साचा फोडावाच लागतो, म्हणून दोन नग हुबेहूब निघत नाहीत. दुकानात चार-पाच जोड्या समोर मांडायला सांगा. पाच शूलांच्या वज्रात मधला सोडून बाजूचे चार शूल मकरांच्या, म्हणजे मगरीसारख्या पौराणिक प्राण्यांच्या, जबड्यांतून बाहेर पडतात. उजेडात धरून ते जबडे बघा. घाईच्या कामात मकराचा नुसता गोळा झालेला असतो. मधला धरून वरच्या टोकाचे पाच शूल पाच बुद्धांचे. क्रोध, अभिमान, आसक्ती, मत्सर आणि मोह यांचं पाच ज्ञानांत रूपांतर व्हायचं असतं, ते साधनेत याच वज्राकडे बघून आठवायचं. म्हणून मकरांची तोंडं नीट उमटलेली हवीत, हा माझा आग्रह.

घंटेच्या मुठीवर प्रज्ञापारमितेचा, म्हणजे प्रज्ञेच्या देवीचा, चेहरा असतो. तोही निरखा आणि मग एकदाच हलकेच वाजवून नाद विरेपर्यंत थांबा. चिरकी किंवा लगेच बसणारी घंटा घेऊ नका. दुकानदार लाकडी दांडी काठावरून फिरवून गुंजवून दाखवतात, त्यावर भाव ठरवू नका. विधीत घंटा आतल्या लोळीनेच वाजते.

उचलताना आधी उजव्या हातात वज्र, मग डाव्या हातात घंटा. आपल्या घरच्या पूजेतही घंटा डावीकडेच असते, त्यामुळे हात चटकन बसतो. आरतीसारखी सलग वाजवायची सवय मात्र सोडावी लागते. विधीत घंटा ठरलेल्या जागीच वाजते. बाकी मुद्रा गुरूंसमोर बसूनच शिका, परंपरेगणिक फरक असतात.

ठेवताना उंच पाटावर, खाली कापड घालून ठेवा; घंटेवरचा चेहरा आपल्याकडे. पुसायला सुकं मऊ फडकं पुरतं. चिंच-राखेने रगडू नका, आधी नाक झिजतं आणि मग सगळा चेहराच सपाट होतो.