पीडीएफ छापायला देताय? या चुका टाळा

पडद्यावर पीडीएफ नीट दिसली की फाइल तयार झाली, असं बहुतेकांना वाटतं. छपाईतली बरीचशी फजिती याच समजुतीतून होते. पडद्यावर पान कापलं जात नाही, बांधणीत दाबलं जात नाही, शाई तर लागतच नाही. शिवाय आपल्या संगणकावर फॉन्ट असतोच, त्यामुळे फाइलमध्ये तो नसला तरी आपल्याला पत्ता लागत नाही.

अक्षरं बदलली, जोडाक्षरं तुटली

मराठी मजकुराचा सर्वांत मोठा घोटाळा हाच, म्हणून यावर जास्त वेळ घालवा. जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. असा फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड झाला नाही, म्हणजे फाइलच्या आतच साठवला गेला नाही, तर समोरच्याला मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. तपासणी अगदी सोपी आहे. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये मेनूतून डॉक्युमेंट प्रॉपर्टीज उघडा आणि फॉन्ट्सच्या यादीत जा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ (फक्त वापरलेली अक्षरं साठवलेला फॉन्ट) असायला हवं. एका नावापुढे जरी ते नसेल, तरी फाइल पाठवू नका.

युनिकोड मजकुराची अडचण वेगळी असते. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, रफार जागेवरून हलला, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेलं अक्षर दिसू लागलं, तर दोष सहसा फॉन्टचा नसतो. अक्षरं जोडणारी सोय सॉफ्टवेअरमध्ये बंद असते. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडला की हे बहुतेक वेळा सुटतं. त्यानंतर मजकूर पुन्हा वाचायचा, आणि तो पीडीएफमध्येच वाचायचा.

मजकुराचं आउटलाइनमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या चित्राकृतींमध्ये, रूपांतर करा, असा सल्ला हमखास मिळतो. मुखपृष्ठावरच्या चार शब्दांसाठी तो ठीक आहे. अख्ख्या पुस्तकासाठी मला तो मुळीच पटत नाही. मजकूर शोधता येत नाही, दुरुस्त करता येत नाही आणि बारीक अक्षरं किंचित जाड दिसू शकतात.

काळी अक्षरं धूसर का छापली जातात?

आरजीबीतला (पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगपद्धतीतला) काळा रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शायांमध्ये) बदलला की तो बहुधा चार शाया मिळून तयार होतो. छपाईत त्या चार शाया केसभर जरी सरकल्या, तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. अनुस्वार, मात्रा, रफार अशा बारीक खुणांवर याचा परिणाम आधी दिसतो. मजकुराचा काळा रंग म्हणजे काळी शाई १०० टक्के आणि बाकी तिन्ही शून्य. अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ उघडून काळ्या शाईच्या नावापुढची टिक बंद करा: मजकूर पूर्ण गायब झाला तर ठीक. पुसट छाया उरली तर मूळ फाइलमध्ये जाऊन रंग बदला.

फोटोंचा हिशोब पिक्सेलमध्ये करा. छपाईसाठी साधारण ३०० पिक्सेल प्रति इंच लागतात. म्हणजे १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ४ इंचांपर्यंतच चांगला छापला जाईल. सॉफ्टवेअरमध्ये आकडा वाढवून ३०० केला, तरी फोटोत नसलेला तपशील येत नाही. मेसेजमधून आलेला फोटो वापरू नका, कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवा. वर्डमधून पीडीएफ करताना ‘मिनिमम साइज’ निवडलं तर चांगले फोटोही दाबले जातात; तिथे ‘स्टँडर्ड’च ठेवा.

कडेला पांढरी रेघ

रंग किंवा चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यायचं असेल, तर ते कडेच्या बाहेर ३ मिमी वाढवा. यालाच ब्लीड म्हणतात. कटिंगचं पातं प्रत्येक गठ्ठ्यावर हुबेहूब त्याच जागी पडत नाही, म्हणून ही सवलत. ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी. चारही बाजूंना ब्लीड धरून फाइल २१६ × ३०३ मिमीची होते. वर्डमध्ये ब्लीडची वेगळी सोय नाही, तेव्हा पानाचाच आकार वाढवा आणि कापल्यानंतरचा आकार छापखान्याला लिहून कळवा. मजकूर मात्र कापायच्या रेषेपासून किमान ५ मिमी आत हवा. जाड पुस्तकात बांधणीकडचा समास याहून बराच मोठा लागतो, नाहीतर ओळींची टोकं घडीत जातात.

घरच्या प्रिंटरवर नमुना काढताना ‘फिट’ नको, ‘अ‍ॅक्चुअल साइज’ निवडा. ‘फिट’मुळे पान बऱ्याचदा आकसतं आणि अक्षराच्या आकाराचा अंदाज चुकतो. छापलेल्या पानावर पट्टी ठेवून एखादी चौकट मोजली की लगेच कळतं.

पिना मारून बांधायच्या पुस्तिकेची पानं ४ च्या पटीत हवीत. मजकूर ५० पानांचा असेल तर ५२ धरा, आणि दोन कोरी पानं कुठे ठेवायची ते तुम्हीच ठरवा. समोरासमोरची पानं जोडून पाठवू नका. पीडीएफमध्ये पानं एकेक आणि क्रमानेच द्या, मांडणी छापखाना करतो.

शेवटच्या क्षणी सापडलेली चूक थेट पीडीएफमध्ये सुधारायचा मोह होतो. तसं केलं तर मूळ फाइलमध्ये ती चूक तशीच राहते आणि पुढच्या आवृत्तीत पुन्हा छापली जाते. दुरुस्ती मुळात करा, नवी पीडीएफ काढा, नावात तारीख घाला. मग तुमचे फॉन्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर ती उघडून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहा आणि मगच पाठवा.