ट्रेलरच्या चाकांना टीपीएमएस लावताय? या चुका टाळा

करूळ घाट उतरताना आमच्या ट्रेलरचं डावं चाक बसलं, तेव्हा स्टिअरिंगवर काहीच जाणवलं नाही. मागचा ट्रकवाला सारखे दिवे मारत होता. त्याला पुढं जायचं असेल म्हणून मी बाजू दिली. त्यानं शेजारी येऊन खिडकीतून हात काढून मागं दाखवलं, तेव्हा कुठं थांबलो. टायर रिमवरून निघायच्या बेतात होता, मडगार्ड फाटलं होतं, जळक्या रबराचा वास सुटला होता. गाडीत घरची चार माणसं होती.

गाडीचं स्वतःचं चाक बसलं तर गाडी एका अंगाला ओढते, स्टिअरिंग जड होतं. ट्रेलरचं चाक मात्र मुकाट बसतं. ट्रेलर डबल एक्सलचा, म्हणजे चार चाकांचा असेल तर शेजारचं चाक सगळा भार उचलून घेतं, ट्रेलर कललेलाही दिसत नाही आणि मग तेही चाक तापून जातं. म्हणून कॅम्पिंगच्या ट्रेलरला टायरची हवा दाखवणारं यंत्र, म्हणजे टीपीएमएस, हवंच या मताचा मी आहे. पण नुसतं लावलं आणि निघालो असं चालत नाही. माझ्या आणि मित्रांच्या ट्रेलरवर ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, त्या इथं सांगतो.

गाडीचाच सेट ट्रेलरला चालेल असं समजणं

गाडीत कंपनीनं दिलेलं टीपीएमएस ट्रेलरच्या चाकांना ओळखत नाही. काही गाड्यांत तर चाकात सेन्सरच नसतो. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेतून चाकाच्या फेऱ्या मोजून हवेचा अंदाज बांधला जातो. ती पद्धत ट्रेलरला लागूच होत नाही. वेगळा सेट घ्यावा लागतो.

घेताना आधी चाकं मोजा: गाडीची चार, ट्रेलरची दोन किंवा चार, शिवाय स्टेपनी. नंतर सेन्सर वाढवता येतात का, ते विचारा. सेट जास्तीत जास्त किती पौंडांपर्यंत वाचतो, हेही बघा. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रेलरना छोटा हत्तीला असतात तसले आठ प्लायचे, म्हणजे जास्त भार झेलणारे टायर असतात. त्यांत कारपेक्षा बरीच जास्त हवा लागते. कारसाठीचा स्वस्त सेट तिथं अपुरा पडू शकतो.

टोपीसारखा सेन्सर लावून मोकळं होणं

हवा भरायच्या निपलवर टोपीसारखा बसणारा सेन्सर सगळ्यात सोपा, आणि मीही तोच वापरतो. पण त्याचं काम कसं चालतं हे समजून घ्या. हवेचा दाब कळावा म्हणून तो व्हॉल्व्हची पिन सतत दाबून ठेवतो. म्हणजे पिन आता हवा अडवत नाही, सेन्सरच्या आतला छोटा रबरी वायसर अडवतो. तो नीट बसला नाही तर हवा दाखवणारं यंत्रच हवा सोडायला लागतं. एका मित्राच्या ट्रेलरचं चाक दर दोन दिवसांनी चार पौंड उतरायचं. पंक्चरवाल्यानं टायर दोनदा खोलला, काहीच सापडलं नाही. शेवटी सेन्सरवर साबणाचं पाणी सोडलं आणि बुडबुडे तिथूनच आले.

त्यामुळं सेन्सर बसवल्यावर प्रत्येक निपलवर साबणाचं पाणी लावा आणि एक मिनिट बघत उभे राहा. सेन्सर हातानंच घट्ट करा, पक्कड लावू नका, त्यानं वायसर कापला जातो.

आता निपलचं बघा. साधं रबरी निपल असेल आणि त्यावर सेन्सरचं वजन आलं, तर चाक फिरताना ते बाहेरच्या बाजूला वाकत राहतं आणि बुडाशी चिरतं. शिवाय कारला सर्रास वापरलं जाणारं रबरी निपल ६५ पौंडांपर्यंतच्या हवेसाठीच असतं. ट्रेलरला धातूचं निपल बसवून घ्या. टायर खोलायचा, निपल बदलायचं, बॅलन्सिंग करायचं, तासाभराचं काम आहे. आणि निपल ॲल्युमिनियमचं असेल तर सेन्सरचा पितळी आटा त्यावर पावसाळ्यात नाही तर समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत गंजून जाम होतो. मालवणला चार दिवस राहून आलेला एक सेन्सर काढताना आमचं निपलच तुटलं होतं. आट्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा आणि महिन्यातून एकदा सेन्सर फिरवून सैल होतो ना, ते बघा.

गरम टायरवरून आकडे ठरवणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. टायरचा ठरलेला आकडा हा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी तीनेक तास उभी आहे आणि चाकावर ऊन नाही अशा वेळचा. आपण मात्र कोल्हापुरात तावडे हॉटेलजवळ दुपारी पंपावर थांबतो, हवेवाल्याला ४५ भरायला सांगतो आणि तोच आकडा यंत्रात घालतो. एप्रिलच्या दुपारी ३८ अंशांत भरलेले ४५ पौंड पहाटे २२ अंशांवर ४२ च्या आसपास दिसतात. मग यंत्र पहाटे ओरडायला लागतं आणि लोक म्हणतात, सेन्सर खराब आहे.

सकाळी घराबाहेर, चाकं सावलीत असताना, स्वतःच्या गेजनं हवा मोजा आणि यंत्रात तोच आकडा भरा. किती हवा भरायची हे ट्रेलर बनवणाऱ्याच्या पाटीवरून आणि प्रत्यक्ष भारावरून ठरवा. टायरच्या कडेला छापलेला कमाल आकडा कधीच ओलांडू नका. गाडीच्या दरवाजावरच्या स्टिकरचा ट्रेलरशी काही संबंध नाही.

इशाऱ्याच्या मर्यादा मी अशा ठेवतो: थंड आकडा ४५ असेल तर खालची ४० आणि वरची ५५. खालची ३३ वर ठेवलेले सेट मी पाहिलेत. कारखान्यातून तसेच येतात आणि कुणी बदलत नाही. भरलेला ट्रेलर ३३ वर चालवला तर इशारा येईपर्यंत टायरची भिंत आतून जळालेली असते.

हायवेवर चालताना ४५ चे ५१-५२ होणं साहजिक आहे. घाबरून हवा काढू नका. संध्याकाळी टायर थंड झाला की तो कमी हवेचा होईल. उन्हाच्या बाजूची चाकं सावलीच्या बाजूपेक्षा दोन-तीन पौंड जास्त दाखवतात, तेही चालतं. एकाच एक्सलवरची दोन चाकं रोज सारखी चढतात-उतरतात आणि एके दिवशी त्यातलं एक मागं राहतं, तेव्हा थांबून बघा. हा फरक मला इशाऱ्यापेक्षाही मोलाचा वाटतो. इशारा यायच्या आधी अर्धा तास तो दिसतो. गगनबावड्याहून कोकणात उतरल्यावर मात्र बाहेरच्या वातावरणाचा दाब वाढल्यामुळं सगळीच चाकं एखादा पौंड कमी दाखवतील, त्यात काही बिघडलेलं नसतं.

चाकाचं तापमान दाखवणाऱ्या सेन्सरवर फार विसंबू नका. टोपीचा सेन्सर रिमच्या बाहेर, वाऱ्यात असतो. ब्रेक घासतोय की बेअरिंग खराब होत चाललंय, हे कळायला चहाला थांबलात की हबजवळ हात न्या.

सिग्नल पोचतोय असं गृहीत धरणं

ट्रेलरचं मागचं चाक ड्रायव्हरपासून सहा-सात मीटर मागं असतं आणि मध्ये लोखंडी सांगाडा, पत्रा, डिकीतलं सामान. घरासमोर सगळी चाकं दिसतात आणि कागल सुटलं की दोन गायब होतात, ते यामुळं. उपाय म्हणजे सिग्नल पुढं ढकलणारा रिपीटर. तो ट्रेलरच्या पुढच्या भागात लावा, पत्र्याच्या पेटीत नको.

रिपीटरची वायर कुठं जोडली आहे ते नक्की बघा. माझ्या ट्रेलरचं काम उद्यमनगरात केलं, तिथं वायरमननं ती मागच्या लाइटच्या वायरला जोडली होती. रात्री सगळं सुरळीत, दिवसा मागची चाकं गायब. महिनाभर मी सेन्सर बदलत बसलो. त्याला कायम चालू राहणारा बारा व्होल्टचा पुरवठा फ्यूज लावून द्या.

दुसरी भीती जुन्या आकड्याची. काही यंत्रं सिग्नल तुटला तरी शेवटचा आकडा तसाच दाखवत राहतात. तपासायला एक सोपी युक्ती आहे: ट्रेलर घरीच सोडा, यंत्र गाडीत घ्या आणि रंकाळ्याला एक फेरी मारून या. ट्रेलरचे आकडे किती मिनिटांनी गेले किंवा सूचना कधी आली, ते लिहून ठेवा. अर्धा तास आकडा हललाच नाही, तर प्रवासात त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे तुम्हीच ठरवा.

इशारा खरंच वाजतो का, हे न पाहणं

दुकानदार सेन्सर काढून शून्य झालेलं दाखवतो. ती चाचणी चाक फुटल्याची झाली. आपल्याला हळूहळू जाणारी हवा पकडायची आहे. म्हणून एक सेन्सर काढा, त्या चाकातली हवा गेजनं मोजत ३८ पर्यंत खाली आणा, सेन्सर परत लावा आणि यंत्र किती वेळात ओरडतं ते बघा. गाडीत गाणी चालू, खिडक्या बंद, अशा स्थितीत आवाज ऐकू येतो का, तेही बघा. गेज आणि यंत्र यांच्यात एक-दोन पौंडांचा फरक चालेल, पाचचा नाही.

त्याच वेळी प्रत्येक सेन्सर एकेक करून काढा आणि पडद्यावर बरोबर तेच चाक लागतंय ना, ते तपासा. टायर आलटून-पालटून लावले की डावं-उजवं हमखास चुकतं. मग रात्री पावसात जॅक भलत्याच चाकाखाली जातो.

ट्रेलरला ट्यूबचे टायर असतील तर एक ध्यानात ठेवा: ट्यूब बसली की हवा झपाट्यानं जाते, इशारा आणि टायर रिमवर येणं यात वेळ फारसा मिळत नाही. बदलता आले तर ट्यूबलेस करून घ्या.

२०२० मध्ये नियम बदलून ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीतून सूट मिळाली. ती वाचून एकानं ट्रेलरचीही स्टेपनी घरी ठेवली. सूट गाडीला आहे, ट्रेलरला नाही, आणि त्याच्या मापाचा टायर फोंडा घाटात मिळत नाही. स्टेपनी न्या, तिलाही सेन्सर लावा, आणि सेन्सरचे बटणाचे सेल पावसाळा संपला की एकदमच सगळे बदला.