आधी मूल्य, मग ध्येय

विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याने खरिपापूर्वी वर्षाचे ध्येय ठरवताना ‘यंदा उत्पन्न वाढवायचे’ एवढेच वहीत लिहून थांबू नये; आपल्याला सर्वांत मोलाचे काय वाटते, हे आधी घरच्यांसोबत बसून ठरवावे. स्वावलंबन मोलाचे वाटत असेल, तर सोयाबीनचे बियाणे घरचेच पेरायचे, असे नेमके ध्येय त्यातून निघते. संकरित कपाशीत हे जमत नाही. सोयाबीन मात्र स्वपरागित, म्हणजे स्वतःच्याच परागकणांनी बी धरणारे पीक असल्याने त्याचे राखलेले बियाणे पुढच्या हंगामात वापरता येते. त्यासाठी मे महिन्यातच १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि त्यांपैकी किमान ७० उगवले, तरच ते बियाणे पेरणीसाठी घ्यावे. मुलांचे शिक्षण अधिक मोलाचे असेल, तर कापूस विकताच त्या खर्चाची रक्कम प्रथम बाजूला काढावी.